कॅसलरॉक ते मुरगाव: बारा वर्षं जकात नसलेली वाट

१८८० च्या जानेवारीपासून १८९२ च्या जानेवारीपर्यंत, अशी बारा वर्षं, गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्या सीमेवर जकात नव्हती. इकडचा माल तिकडे, तिकडचा इकडे, मध्ये नाकं नाही. दोन वेगळ्या परक्या सरकारांच्या दोन शेजारी वसाहती, त्यांच्यात परस्पर मुक्त व्यापाराचा करार, आणि तोही आपल्या अगदी उंबरठ्यावर, बेळगाव-कारवारला लागून. शाळेत यातलं अक्षरही कानावर आलं नव्हतं. पोर्तुगीज आले, अल्बुकर्क, बाटाबाटी, आणि मग एकदम १९६१ ची मुक्ती, मधली शतकंच्या शतकं गायब. म्हणून या उन्हाळ्यात गोव्याला जायचं ठरलं तेव्हा पर्वरीला राहणाऱ्या मावसभावाला आधीच फोन करून सांगून ठेवलं, की बीचचं नंतर बघू, मला ती रेल्वे बघायचीय जी या करारामुळे झाली आणि ती मिठागरं बघायचीत ज्यांनी या कराराची किंमत मोजली.

मिरजेहून सकाळी गोव्याकडं जाणारी गाडी पकडली. बेळगावपर्यंत काही विशेष नाही, ऊन, धूळ, शेजारच्या सीटवर एक कुटुंब ज्यांच्याकडे दर अर्ध्या तासाला नवीन डबा उघडत होता आणि प्रत्येक वेळी मलाही काहीतरी मिळत होतं. खानापूर गेलं की मात्र हवा बदलते, झाडं दाटायला लागतात, आणि लोंढा आलं की मी दारात जाऊन उभा राहिलो. लोंढा जंक्शन हे नुसतं गाडी थांबण्याचं ठिकाण म्हणून बघू नका. हुबळी-धारवाडकडून येणारी लाइन आणि पुणे-मिरज-बेळगावकडून येणारी लाइन इथं मिळतात आणि पुढं घाटाकडं जातात. ही जी दुसरी लाइन, म्हणजे ज्या लाइनवरून मी आलो ती, तिनं पुढं काय केलं ते सांगतोच, पण आधी करार.

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन आणि मद्रासकडे भयंकर दुष्काळ पडला होता. लाखो माणसं गेली. धान्य एकीकडे आणि माणसं दुसरीकडे, मध्ये रेल्वे नाही, त्यामुळे दक्षिण महाराष्ट्र आणि धारवाड-बळ्ळारीच्या भागात रेल्वे पाहिजे हे इंग्रज सरकारच्या डोक्यात पक्कं बसलं. आता या भागाला जवळचं समुद्राचं बंदर कुठलं? नकाशा काढा. मुंबई लांब, मद्रास लांब. कारवार जवळ, पण तिथपर्यंत रेल्वे नाही. आणि सगळ्यात चांगलं नैसर्गिक बंदर मुरगाव, ते पोर्तुगीजांकडं. उलट बाजूला गोव्याचं सरकार कंगाल, बंदर आहे पण मागं बाजारपेठ नाही, घाटावरचा कापूस त्यांच्या बंदरात येत नाही कारण मध्ये जकात आणि मध्ये घाट. दोघांनाही गरज होती. २६ डिसेंबर १८७८ ला लिस्बनमध्ये सह्या झाल्या, इंग्रजांकडून तिथले राजदूत रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालकडून परराष्ट्रमंत्री आंद्रादे कोर्व्हो. या कोर्व्होंचं मत असं होतं की एवढ्याशा पोर्तुगालला वसाहती टिकवायच्या आणि सुधारायच्या तर इंग्रजांशी जमवून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. माणूस दूरदृष्टीचा होता असं मला वाटतं, पण लिस्बनमध्ये बसून बार्देशातलं मिठागर दिसत नाही हेही खरं.

करारात काय काय होतं ते थोडक्यात सांगतो कारण पुढं सगळं त्यावरच आहे. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या मुलखात व्यापार करायची आणि जहाजं आणायची सारखी मुभा. जमिनीवरच्या सीमेवरची जकात बंद. बाहेरून समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर दोन्हीकडं जकातीचं एकच कोष्टक. मुरगावपासून घाटावर जाणारी रेल्वे. गुन्हेगारांची देवाणघेवाण. दारू-ताडीवरची आबकारी इंग्रजी मुलखातल्यासारखी. आणि मीठ. गोव्याच्या मिठाचा सगळा ताबा इंग्रजांकडं, आणि त्याबदल्यात गोव्याच्या सरकारला वर्षाला चार लाख रुपये.

कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबते. मी खाली उतरलो. छोटंसं, सगळीकडून जंगलानं वेढलेलं स्टेशन, दगडी बांधणीची जुनी खोली, प्लॅटफॉर्मवर चहावाला, आणि माकडं इतकी निवांत की जणू स्टेशन त्यांचंच. इथं घाट उतरायच्या आधी गाडीचे ब्रेक नीट तपासतात. रेल्वेतले एक काका डब्याखाली वाकून वाकून बघत पुढं येत होते, त्यांना विचारलं तर कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, ‘‘एकास सदतीसचा उतार आहे साहेब, सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट खाली. इथं घाई चालत नाही.’’ वर चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्याला, ती इंजिनं बाजूच्या रुळावर घरघरत उभी होती, डिझेलचा वास, आणि त्या आवाजात काका मला पुढचे बोगदे कसे येतात ते हातानं दाखवत होते. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळा झालेला. १८८८ मध्ये ही लाइन इथपर्यंत पूर्ण झाली तेव्हापासून याच उतारावर कुणीतरी असंच वाकून ब्रेक बघत आलंय, ही गोष्ट मला त्या क्षणी फार मोठी वाटली.

लाइन बांधली ती ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ या कंपनीनं. नावातच सगळं आलं. कंपनी लंडनची, भांडवल इंग्रजी, आणि त्या भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. म्हणजे गाडीला गिऱ्हाईक मिळो न मिळो, भागधारकाला त्याचं व्याज मिळणार, आणि तूट आली तर ती सरकारनं भरायची. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या रेल्वे पण अशाच हमीवर बांधल्या होत्या, तेव्हा ही काही गोव्याचीच खासियत नाही, पण मोठ्या सरकारला तूट सोसते आणि छोट्याला नाही, हा फरक राहतोच. १८८७ ला मुरगाव ते सावर्डे हा सपाटीचा भाग चालू झाला आणि पुढच्या वर्षी घाटाचा. मीटर गेज होती, ब्रॉड गेज झाली ती एकदम १९९० च्या दशकात.

गाडी सुटली आणि उतार सुरू झाला. हा भाग मी शब्दांत नीट सांगू शकेन का शंकाच आहे. बोगदा, अंधार, पोरांच्या आरोळ्या, मग एकदम उजेड आणि खाली खोल हिरवी दरी, परत बोगदा. गाडी इतकी हळू की रुळाशेजारचं गवत एकेक दिसतं. कारंझोळ गेलं, दूधसागर आला. एप्रिल असल्यामुळे धबधबा बारीक झाला होता, पावसाळ्यातला तो पांढरा कडा नव्हे, काळ्या खडकावरून दोन-तीन धारा उतरत होत्या, तरी अख्खी गाडी खिडक्यांना आणि दारांना चिकटली. (इथं उतरू नका बरं का, रेल्वेनं मनाई केलीय आणि रेल्वे पोलीस कारवाई करतात, आणि पावसाळ्यात तर तिथले रूळ खरंच जिवावर बेतणारे आहेत.) सगळे धबधब्याकडं बघत होते आणि मी त्या कमानींच्या पुलाकडं. घाटाच्या या पट्ट्यात, मलेरियाच्या जंगलात, हातानं खडक फोडून, सुरुंग लावून ज्यांनी ही वाट काढली त्या मजुरांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. करारावर सह्या करणाऱ्या दोघांची नावं मात्र शोधली की मिनिटात सापडतात.

सोनावळी, मग कुळें. कुळें हे गोव्यातलं घाटाच्या पायथ्याचं स्टेशन. करार संपल्यावर, म्हणजे १८९२ नंतर, गोव्यात शिरणाऱ्या गाड्यांची पोर्तुगीज कस्टम्सची तपासणी इथं व्हायची आणि इंग्रज हद्दीतली वर कॅसलरॉकला. म्हणजे बघा, कॅसलरॉक आणि कुळें यांच्यामध्ये सव्वीसेक किलोमीटर, आणि त्या सव्वीस किलोमीटरसाठी सगळ्या गाडीनं दोनदा सामान उघडून दाखवायचं. मुंबईत नोकरीला असलेले गोंयकार मे महिन्यात पोरंबाळं घेऊन घरी यायचे त्यांनी पुढं कितीतरी वर्षं हे सोसलं. १९५५ मध्ये भारत सरकारच्या नाकेबंदीत ही गाडी सीमेपलीकडं जायचीच बंद झाली, ती गोवा मुक्त झाल्यावर परत सुरू झाली.

आता मघाशी अर्धवट सोडलेली गोष्ट. मुरगावची रेल्वे ज्या कापसाच्या आणि धान्याच्या भरवशावर बांधली तो माल गदग, हुबळी, धारवाड, बळ्ळारीकडचा. गाडी १८८८ ला पूर्ण झाली. आणि १८९० च्या सुमाराला घाटावरच्या रेल्वे कंपनीची, म्हणजे सदर्न मराठा रेल्वेची, पुणे-मिरज-लोंढा लाइनही पूर्ण झाली, म्हणजे दक्षिणेतला माल थेट रुळावरून मुंबईकडं जायला मोकळा. मुंबईत मोठे दलाल, मोठ्या पेढ्या, युरोपला जाणारी जहाजं दर आठवड्याला, कापसाच्या गिरण्या तिथंच. मुरगावला यातलं काय होतं? धक्का होता. त्यामुळे मुरगावचा हक्काचा म्हणून धरलेला माल मुंबईनं ओढला. आणि त्यानंतर दोनच वर्षांत करार संपला, जकात परत आली, म्हणजे उरलासुरला फायदाही गेला. रेल्वे बांधायला सहा वर्षं आणि पूर्ण रेल्वे अन् मोकळी सीमा या दोन्ही एकत्र मिळाल्या त्या जेमतेम चार वर्षं! मला याचं फार वाईट वाटतं, कारण कल्पना चुकीची नव्हती. घाटावरच्या शेतकऱ्याला जवळचं बंदर मिळणं आणि कोकणातल्या माणसाला घाटावरचं स्वस्त धान्य मिळणं, यात वाईट काय आहे? गोव्याला तांदूळ नेहमीच कमी पडायचा, नारळ-सुपारी जास्त व्हायची, घाटावर उलटं. निसर्गानंच मांडून ठेवलेला व्यापार आहे हा. वंजारी तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तिनईघाटासारख्या वाटांनी शतकानुशतकं हेच करत होते, धान्य खाली, मीठ वर.

सावर्ड्याच्या पुढं खाणींची लाल धूळ, मग चांदर. चांदरला २०२० मध्ये गावकरी मध्यरात्री रुळांवर येऊन बसले होते ते कदाचित तुम्ही बातम्यांत बघितलं असेल, या लाइनचं दुपदरीकरण नको म्हणून. त्यांचं म्हणणं हे की दुसरा ट्रॅक आमच्यासाठी नाही, मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना नेण्यासाठी आहे, धूळ मात्र आमच्या घरात. पुढं मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं कॅसलरॉक ते कुळें या जंगलातल्या पट्ट्याच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मडगाव, माजोर्डा, कासावली, सांकवाळ, दाबोळी करत वास्कोला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. हे शहरच रेल्वे आणि बंदरामुळे वाढलं. दुसऱ्या दिवशी मुरगावच्या टेकडीवरून बंदर बघितलं, खाली मालगाडीच्या वाघिणींची लांबच लांब रांग, काळे ढीग, त्यावर पाणी मारणारे फवारे. ज्या बंदरातून दख्खनचा कापूस बाहेर जाणार होता तिथं आज बाहेरचा कोळसा आत येतो.

मग मावसभावाची स्कूटर घेतली आणि आम्ही दोघं पणजीला. मांडवीच्या काठावर निळ्या रंगाची जुनी कस्टम्सची इमारत आहे, पोर्तुगीज काळातली आल्फांदेगा, आता तिथं ‘धरोहर’ नावाचं कस्टम्स आणि जीएसटीचं संग्रहालय आहे, २०२२ मध्ये नव्यानं सुरू झालेलं. चोरून परदेशी नेताना पकडलेल्या मूर्ती वगैरे बघण्यासारखं आहे, लहान मुलांना तर नक्की दाखवा. पण मला त्या दिवशी जास्त आवडलं ते संध्याकाळी बघायला मिळालं. मावसभावाच्या सासऱ्यांना जुन्या नाण्यांचा नाद, त्यांनी कपाटातून एक डबा काढला आणि त्यातून १८८२ चा चांदीचा ‘उमा रुपिया’ माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूला पोर्तुगालचा राजा लुईस, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि ढाल. मग त्यांनी त्याच काळातला व्हिक्टोरियाचा रुपया दुसऱ्या तळहातावर ठेवला. ‘‘आता सांग, कुठला जड?’’ डोळे मिटून सांगता येत नव्हतं. दोन्ही सारखेच. व्यापार एक म्हटल्यावर चलनही जुळवायला लागलं, तोपर्यंत गोव्यात आशरफी चालायची, आणि मग पोर्तुगालच्या राजाचा रुपया इंग्रजांच्या कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडून आणला. किती सांगून जाते ही एवढीशी गोष्ट! तोंड लिस्बनचं, वजन कलकत्त्याचं.

आणि जकातीच्या कोष्टकाचंही तेच. दोन्हीकडं एकच कोष्टक असायचं ठरलं, ऐकायला किती समान वाटतं. पण १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं आपल्या सोयीनं, मँचेस्टरच्या कापडवाल्यांच्या लकड्यानं, बहुतेक मालावरची आयात जकात काढूनच टाकली. मोठ्या वावराच्या आणि लहान वावराच्या मधला बांध काढला की पाणी मोठ्या वावराच्या उतारानंच जाणार. गोव्यासारख्या ठिकाणी सरकारचं मोठं उत्पन्न जकातीचंच. परस्पर, सारखं, दोन्ही बाजूंना समान, असे शब्द करारात कितीही असले तरी दर कुठं बसून ठरतात हे बघायला लागतं, आणि ते पणजीत ठरत नव्हते.

आता मीठ.

मिठागरं बघायला एप्रिल-मे हाच काळ, पाऊस लागला की सगळं पाण्याखाली. रायबंदरकडची आणि नेरूळची बघत बघत आम्ही शिवोलीचा पूल ओलांडून पेडणे तालुक्यात आगरवाड्याला गेलो. रस्त्याच्या अगदी कडेलाच वाफे आहेत. दुपारी चारच्या सुमारास पोचलो, ऊन अजून चटकत होतं. खाडीचं पाणी आत घ्यायला लाकडी दारं असतात, त्याला मानस म्हणतात, भरतीला पाणी आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात तापवायचं, मग हळूहळू लहान लहान वाफ्यांत फिरवायचं, प्रत्येक वाफ्यात पाणी आणखी खारट, आणखी जड, शेवटच्या वाफ्यात तांबूस झाक येते. वाफ्याची जमीन आधी पायांनी आणि लाकडी थापीनं चोपून चोपून इतकी घट्ट करतात की अनवाणी उभं राहिलं तर फरशीसारखी लागते. मी उभा राहिलो. पाणी घोट्याच्या खाली, आणि कोमट नाही, चक्क गरम. बोटांच्या मध्ये खडे टोचत होते.

एक वयस्कर काका लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं मीठ कडेला ओढत होते. जोर अजिबात नाही, नुसता ओढ. जोर लावला तर खालचा चिखल मिठात येतो म्हणाले. ओढताना खड्यांचा खरखर आवाज, आणि कडेच्या बांधावर ओलसर करडं मीठ साठत जातं, दुकानातल्या पुडीसारखं पांढरंशुभ्र नाही. दोन बायका टोपल्या डोक्यावर घेऊन ते ढिगाकडं नेत होत्या. काकांशी बोलायला गेलो तर आधी विचारलं, ‘‘विकत घेवपाक आयल्यात?’’ मग मी मिरजेहून आलोय, मिठागरं बघायला, म्हटल्यावर हसले आणि मराठीत बोलायला लागले. ‘‘बघायला सगळे येतात. करायला कोण येतो? तरनाटे (तरुण पोरं) येनात. उन्हात दोन तास उभं राहिलं की कळतं.’’ त्यांच्या पायांच्या टाचांना भेगा होत्या, त्यात मीठ गेलं तर काय होत असेल ते मी विचारलं नाही.

मी त्यांना १८७८ च्या कराराबद्दल विचारलं. त्यांना करार असा काही माहीत नव्हता, पण आजोबांच्या तोंडून ऐकलेलं एक वाक्य त्यांनी सांगितलं, की एकेकाळी आपल्याच आगरातलं मीठ आपल्याला घरी न्यायची चोरी होती. तेवढं पुरे.

कारण झालं होतं ते हेच. १८७८ च्या सुमाराला इंग्रजांनी मुंबई आणि मद्रास इलाख्यांत मिठावरचा कर मणाला अडीच रुपये केला होता. मण म्हणजे साधारण सदतीस किलो. मीठ तयार करायला लागतात ते काही आणे, बाकी सगळा कर. आता सीमा उघडली आणि गोव्याचं स्वस्त मीठ सुटलं तर हा कर कोण देणार? आधीच चोरटं मीठ घाटांनी वर चढत होतंच. म्हणून इंग्रजांची अट, जकात काढतो पण गोव्याचं मीठ आमच्या ताब्यात. कुठलं आगर चालू ठेवायचं, कुठलं बंद करायचं, किती काढायचं, काय भावानं विकायचं, हे सगळं इंग्रज खातं ठरवणार, आणि गोव्यात विकायच्या मिठालाही इंग्रजी कराचा भाव. हा सुटा प्रकार नव्हता, हेही सांगायला पाहिजे. १८७० च्याच दशकात राजपुतान्यातल्या संस्थानिकांशी करार करून सांभर तलावासकट तिथलं मीठ इंग्रजांनी हातात घेतलं होतं, आणि देशाच्या मधोमध दोन हजार मैलांहून लांब पसरलेली जी जकातीची रेषा होती, जिच्यात मैलोन् मैल काटेरी झाडांचं कुंपण लावलं होतं, ती १८७९ मध्ये काढून टाकली. मीठ उगमालाच पकडलं की कुंपणाची गरज काय. गोव्याचा करार हा त्याच माळेतला मणी.

गोव्यात मीठ म्हणजे नुसतं भाजीत घालायचं मीठ नव्हे हे आगरवाड्याला उभं राहिल्यावर नीट कळतं. पावसाळ्याची बेगमी म्हणून मासे खारवायचे ते मिठात, कैऱ्या मिठात, आणि माडाच्या मुळाशी घालायचं तेही मीठ. मीठ महागलं म्हणजे कोळ्याचं महागलं, माडवाल्याचं महागलं, गरिबाचं कालवण महागलं. मिठागरांत राबणारे गावडे, आगरी, भंडारी, यांचा रोजगार गेला, छोटी आगरं बंद झाली. वर आबकारी आली, माडावर चढून सूर (माडी) काढणाऱ्या रेंदेरांवर झाडामागं कराचा आणि परवान्यांचा जाच. गोव्याच्या समाजातली जी माणसं सगळ्यात खालच्या पायरीवर होती त्यांच्या दोन्ही धंद्यांवर या कराराचा हात पडला. बदल्यात आलेले चार लाख रुपये सरकारी तिजोरीत, मिठगावड्याच्या घरात नाहीत. याच काळात मुंबईकडं जाणारी गोंयकारांची संख्या वाढत गेली, धोबीतलाव-माझगावच्या कुडांत (गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांत) माणसं दाटीवाटीनं राहायला लागली, त्याला कारणं अनेक असतील, शिक्षण, बोटीवरच्या नोकऱ्या, पण मीठ आणि माड या दोन गोष्टी त्यातून वगळता येत नाहीत असं माझं ठाम मत आहे.

मी मुक्त व्यापाराच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. मिरजेसारख्या ठिकाणी वाढलेल्या माणसाला सीमा काय असते ते सांगायला नको, पाच-दहा मैलांवर दुसरं राज्य. नाकी गेली की आनंदच होतो. पण करार करताना टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले दोघंही परके असतील, आणि ज्याच्या आगराचा सौदा चाललाय तो त्या खोलीतच नसेल, तर कागदावरची समानता त्याच्या काय कामाची? गोव्यातून या करारावर त्या काळात ओरड झाली, मुदत संपली तेव्हा तो पुढं चालू राहिला नाही, आणि सगळ्यात आधी सुटका झाली ती मिठाची. इंग्रजांचं मीठ खातं गेलं, आगरं परत मालकांकडं आली. रेल्वे मात्र राहिली आणि तिची तूटही. १९०२ मध्ये ती चालवायला सदर्न मराठा रेल्वेकडंच दिली.

काकांकडून आम्ही दहा किलो मीठ घेतलं. पैसे विचारले तेवढेच दिले, घासाघीस करावीशी वाटली नाही. टोपल्या नेणाऱ्या बायकांपैकी एक मावशी म्हणाल्या, ‘‘लोणच्याला हेच वापरा, खडे मीठ, कैरी मऊ पडत नाही.’’ आईनं घरी गेल्यावर तेच सांगितलं.

परत येताना एसटीनं आलो, पत्रादेवीवरून बांद्याला. २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून मालाच्या ट्रकांची नाक्यावरची ती जुनी रांग नाही. पण दारू जीएसटीच्या बाहेर आहे, गोव्यातली आबकारी वेगळी, महाराष्ट्रातली वेगळी, त्यामुळे बांद्याच्या पुढं बस थांबली आणि उत्पादन शुल्कचे दोघं वर चढले, बॅगा बघायला. माझी पिशवी उचलून बघितली, जड लागली म्हणून तोंड उघडायला लावलं. मीठ आहे म्हटलं. त्यांनी हात घालून खात्री केली, बोटं झटकली आणि पुढच्या सीटकडं गेले.

जाणार असाल तर: घाटासाठी पावसाळा, मिठागरांसाठी मार्च ते मे, दोन्ही एका फेरीत जमत नाही. मिरज-बेळगावकडून येताना दिवसाउजेडी घाट उतरणारी गाडी निवडा, खिडकी मिळाली नाही तर कॅसलरॉकच्या आधीच दाराजवळ जागा धरा, पण दारात लोंबकळू नका. आगरवाड्याला दुपारी चारनंतर जा, तेव्हा मीठ ओढायचं काम चालू असतं, आणि वाफ्यात पाय घालायच्या आधी विचारा, चोपलेली जमीन एका बुटानं बिघडते.